माशांच्या पेटीतला चंद्र

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो आणि, राग मानू नका, बहुतेक वेळा हसतो. पिंपळाखालची बाई, उलटे पाय, मागे वळून पाहू नका… माझा धंदा पंपांच्या-पंख्यांच्या मोटारी रिवाइंडिंगचा. परभणीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला दुकान आहे, उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली. करंटमध्ये फेज असतो, न्यूट्रल असतो. तिसरं अर्थिंग असतं, पण ते आपल्याकडं कुणी करत नाही. चौथं काही नसतं, असं मी छातीठोकपणे सांगायचो. कुणी भुताखेताचं काढलं की "आधी टेस्टर लावून बघ" म्हणायचो. आता माझी पाळी आहे, तेव्हा तुम्ही हसलात तरी चालेल.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. घरात आम्ही तिघं – मी, बायको शकुंतला आणि माझी थोरली बहीण, अक्का. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. अक्कानं मला कडेवर वाढवलं. पुढं ती वालूरला नांदायला गेली, लवकरच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. तिच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं कळलं तेव्हा मी तिला परभणीला घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, पण आत्ता नाही… अंगात थोडी ताकद येऊ द्या, नाहीतर एसटीच्या धक्क्यांतच काहीतरी व्हायचं. म्हणजे काम एकच होतं. अक्काला प्रवासापुरती उभी करायची.

बैठकीत तिची खाट टाकली. समोर माझी माशांची पेटी होती. लोखंडी अँगल, काचा आणि फटी बुजवायची लांबी वापरून मी ती हातानं बनवली होती आणि लालसर सोनेरी मासे काचीगुड्याच्या गाडीनं हैदराबादहून आणले होते, दुधाच्या किटलीत, प्रत्येक स्टेशनवर झाकण उघडून बघत. गल्लीतले लोक बघायला यायचे. शेजारच्या काकू दर वेळी विचारायच्या, "येवढे लाड करून शेवटी कालवणच ना?" अक्का मात्र तासन् तास बघत पडायची.

रात्रीची अडचण होती. जन्मभर अंगणात झोपलेली बाई ती, आणि डॉक्टरांनी गार वारा लागू द्यायचा नाही म्हणून बजावलेलं. अंधारात तिचा जीव गुदमरायचा, ट्यूब लावली तर डोळे मिटायचे नाहीत.

"बापू, ह्यो उजेड लय खुपायलाय रे डोळ्यात. चांदण्यावानी कायतरी कर की. तू तं करंटवाला हायस."

मी केलं. निळा झिरो बल्ब घेतला, डालड्याच्या डब्याला बारीक भोकं पाडून त्याचं झाकण केलं आणि ते पेटीवर पाण्यापासून थोडं वर टांगलं. बल्ब लावला तशी पाण्याची थरथर भिंतीवर उतरली, छतावर गेली. मासेसुद्धा चांदीचे दिसायला लागले. शकुंतला वडाची पूजा करून आली होती, ती ताट हातात धरून उंबऱ्यातच थांबली. म्हणून दिवस पक्का लक्षात आहे, वटपौर्णिमा. अक्का हसली, बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, "चांद घरात आणलास की रं माझ्या लेकरा."

आठवडाभरानं उजेड उतरला. मला वाटलं बल्ब गेला असेल, बदलला. नवाही तसाच. तोच बल्ब स्वयंपाकघरात लावला तर झकास! होल्डर बदलला, वायर बदलली. करंट गेला की तोही जायचा, आला की यायचा – इतका साधा दिवा तो, पण रोज थोडा थोडा मंद होत चालला. आणि त्याच्यासोबत अक्का. जेवण तुटलं, पायांवर सूज आली, दोन वाक्यं बोलली की धाप. शेवटी ज्या संध्याकाळी बल्बची नुसती तार लाल दिसत होती, त्या संध्याकाळी तिला उशा लावून बसतं ठेवावं लागलं.

माझा दोस्त रशीदभाई, दुकानाशेजारचा रेडिओ मेकॅनिक, आपला मीटर घेऊन आला. होल्डरला लावला, काट्याकडं बघितलं, परत लावला.

"करंट तो पूरा आ रहा बापूसाब. फिर ये कायकू मर रा?"

मग दाराशी जाऊन आभाळाकडं बघितलं. आभाळ गच्च भरलेलं, काही दिसत नव्हतं. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि हळूच म्हणाला, "आज तुमचे अमावस है ना?"

मी त्याला वेड्यात काढलं. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उजेड चढायला लागला… आणि अक्काही. आधी भाताची पेज घेतली, मग भाकरी मागितली. गुरुपौर्णिमेला तर खोली दुधानं धुतल्यासारखी झाली, मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन थांबले आणि अक्का भिंत धरून न्हाणीपर्यंत आपल्या पायानं गेली. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, हीच वेळ आहे, आठवड्याभरात घेऊन जा. खरं सांगतो, मला त्या वेळी ते कशानं होतंय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. चंद्रानं होवो, सूर्यानं होवो. अक्का बरी होत होती.

कपडे बांधून ठेवले. आणि त्याच दिवसांत नामांतराचा भडका उडाला. विद्यापीठाला एका मोठ्या माणसाचं नाव द्यायचं, त्यावरून मराठवाडाभर गोरगरिबांच्या वस्त्या जळाल्या. बातम्या ऐकून लाज वाटायची. गाड्या बंद. मी रोज स्टँडवर जायचो, रोज तेच उत्तर, "आज न्हाई. रस्ता बंद हाय." कुणाची जीप मिळते का बघितलं, पेट्रोलसकट सगळं कबूल केलं, पण त्या दिवसांत त्या वाटेला कोण येणार? आणि घरी परत यावं तर पेटीवरचा उजेड कालच्यापेक्षा कमी.

मी काय नाही केलं! झिरोच्या जागी चाळीसचा लावला, साठचा लावला. त्या डब्याखाली गेला की सगळ्यांची गत तीच. चंद्रासमोर टेस्टर घेऊन उभा असलेला माणूस तुम्ही बघितलाय का? मी तो झालो होतो. डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देत होते आणि जाताना माझ्याकडं बघत नव्हते.

दिव्याची आवस आली. शकुंतलानं घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडले, कणकेचे दिवे केले. दिवेलागणीला अक्का म्हणाली, "माशाचा दिवा बी पुजा की गं शकू." शकुंतलानं डालड्याच्या डब्याला हळदकुंकू लावलं. आतला उजेड काजव्याएवढाही नव्हता.

मग अक्कानं मला हाक मारली. "बापू… दिवा वाढव रे."

इथंच सगळं अडलंय माझं. आमच्या घरात दिवा 'विझव' कधी म्हणायचे नाहीत. अक्काच्या बांगड्या फुटल्या नव्हत्या, 'वाढल्या' होत्या. लहानपणी रोज रात्री तिचं तेच – "दिवा वाढव आन् झोप आता." वाढव म्हणजे मालव. आणि माझ्या दुकानात दिवसभर गिऱ्हाईक तोच शब्द घेऊन येतं – पंख्याची स्पीड वाढव, मोटारीचा पॉवर वाढव. तिथं वाढव म्हणजे जास्त कर.

त्या घटकेला मी घरातला नाही, दुकानवाला निघालो. "थांब अक्का, वाढवतो," म्हटलं, स्टूल ओढलं, तिच्याकडं पाठ केली, बटण बंद केलं आणि जुना बल्ब काढून शंभरचा लावायला लागलो. घाईत बल्बच्या पिना होल्डरच्या खाचेत बसेनात. मागून परत आवाज आला, बारीक, "वाढव रे…" मी म्हटलं, झालंच, झालंच.

"अवो!" शकुंतला ओरडली. "वन्सं बघा!"

मी वळलो. अक्का गेली होती. डोळे उघडे, पेटीकडं लागलेले. आणि तिच्या चेहऱ्यावर पाण्याची थरथर हलत होती… निळी, मंद.

मी पेटीकडं बघितलं. बटण बंद होतं. होल्डर रिकामा होता, दोन्ही बल्ब माझ्या हातात. पाटावरचे दिवे खोलीच्या त्या टोकाला, त्यांचा उजेड पिवळा. तरी पाण्यात उजेड होता, मासे त्यात स्थिर उभे होते. शकुंतलानं अक्काचे डोळे मिटले, तसा तो उजेड आपोआप, हळूहळू कमी होत गेला. मालवणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर त्या डब्याखालचा बल्ब कधीच मंद झाला नाही. पौर्णिमा असो की आवस, सारखाच जळतो. रशीदभाईनं पुन्हा मीटर लावला, काही सापडलं नाही. मी वायर न् वायर उकलून बघितली.

पण मला छळतं ते हे नाही. तिनं काय मागितलं होतं? उजेड मागितला असेल तर तो मला देता आला नाही. आणि झोपायचं म्हणून दिवा मालव म्हणाली असेल, तर शेवटच्या घटकेला तिचा हात धरून बसायचं सोडून मी तिच्याकडं पाठ करून बल्ब बसवत होतो. शकुंतला म्हणते, "वन्सं दमल्या होत्या, त्यांना निजायचं होतं." रशीदभाई म्हणतो, माणूस जाताना उजेडच मागतो. दोघंही माझी समजूत काढतात आणि मला दोन्ही पटत नाही.

संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ झाली की रशीदभाई पलीकडून रोज विचारतो, "बढाया क्या बापूसाब?" दुकान बंद करण्यालाही सगळी दुनिया वाढवणंच म्हणते; तसं आपणही म्हणावं, हो, वाढवलं. माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही. मी मान हलवतो आणि शटर ओढून घेतो.