देवाला सोडलेली टेप

त्या गुन्ह्याचा विषय निघाला की आजही माझा हात आपोआप मिशीवर जातो. घरचे हसतात, हसू देत. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पाटाच्या पाण्यावरून डोकी फुटलेली पाहिली. पण ज्या तपासाचा मला सगळ्यांत जास्त अभिमान आहे, त्यात मुद्देमाल म्हणून जप्त केली होती ती तळहाताहून थोडी मोठी, भंडाऱ्याने पिवळी झालेली एक संगणकाची टेप. यातल्या कुणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांचं त्यांना कळेल.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. दिवाळी झाली होती, गुऱ्हाळं पेटली होती. लासुर्ण्याच्या शिवारातल्या एका गुऱ्हाळावर अपघात झाल्याची वर्दी आली. नवा कोरा चरक, म्हणजे ऊस गाळायचं यंत्र. त्याच्या गिअरवरचं लोखंडी झाकण चालता चालता निखळलं आणि ऊस घालणाऱ्या गड्याचा हात आत ओढला गेला. गडी वाचला, पण दोन बोटं गेली. घटनास्थळाचा पंचनामा करताना मी ते झाकण उचलून पाहिलं. मला एकट्याला ते जेमतेम उचलवलं आणि एवढं धूड दोनच पायांवर उभं केलेलं होतं. दोन्ही पाय जोडापासून तुटले होते. हे कुणी ठरवलं, असा प्रश्न माझ्या तोंडून तिथेच निघाला आणि पुढे सगळा तपास त्याच प्रश्नाभोवती फिरला.

चरक बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बनलेला होता. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला. दुसऱ्याच दिवशी त्या कारखान्याचा व्यवस्थापक आपण होऊन ठाण्यात हजर झाला. इस्त्रीचा सदरा, काखेत नकाशाची गुंडाळी. पोलिसाने बोलवायच्या आधी येणारा माणूस एक तर फार भला असतो, नाही तर फार घाईत असतो. मी त्याला चहा पाजला.

त्याने नकाशा टेबलावर पसरला. झाकणाला पाय दोन. खाली कोपऱ्यात छापलेलं नाव एका मुलीचं. ती तिथे आरेखक होती, संगणकावर यंत्रांची चित्रं काढायची. कन्हेरी गावची. घरात पूर्वी मेंढरं होती, आता शेती. त्या घरातली संगणकाला हात लावणारी ती पहिलीच.

"चूक तिची आहे साहेब, वाईट वाटतं," व्यवस्थापक म्हणाला. "मी तिला त्याच दिवशी फाटकातून परत पाठवलं. आणि संगणक काही खोटं बोलत नाही."

चौकशीला गेलो, तर वेल्डरही मान खाली घालून तेच म्हणाले. चित्रात दोन होते म्हणून दोन लावले. मालक वयस्कर, सरळ माणूस, पण त्याला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेला तो संगणक त्याने हौसेने आणला होता. व्यवस्थापकाने मला त्याची सगळी रीत समजावून सांगितली. रोज संध्याकाळी संगणकातलं सगळं जसंच्या तसं टेपवर उतरवायचं, म्हणजे यंत्र बिघडलं तरी काम बुडत नाही. वाराप्रमाणे एकेक टेप, आणि पुढच्या आठवड्यात त्याच टेपवर पुन्हा नवीन उतरवायचं, जुनं आपोआप पुसलं जातं. सगळ्या वारांच्या टेपांवर त्या झाकणाला पाय दोनच होते आणि चित्राची तारीख गणपतीतली होती.

मुलीला तिच्या वडिलांबरोबर ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली. व्यवस्थापकही खुर्ची ओढून बसला, कारण संगणकातलं मला काय कळणार, असं त्याचं म्हणणं. मी मुलीला विचारलं, "चित्र तू काढलंस?"

"व्हय साहेब."

"पाय किती दाखवले होतेस?"

"चार."

"मग इथे दोन कसे?"

ती गप्प. कितीही विचारलं तरी गप्प. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. खोटं बोलणारा माणूस प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहत राहतो, त्याचा विश्वास बसला का ते तपासायला. ही पोरगी माझ्याकडे पाहतच नव्हती. प्रत्येक प्रश्नाला तिचे डोळे व्यवस्थापकाकडे जाऊन परत येत होते. डोळ्यांत भीती नव्हती, हिशेब होता.

सगळे पांगल्यावर तिचे वडील फाटकापाशी घुटमळत राहिले. पटका, खांद्यावर घोंगडी, कपाळावर भंडारा. मी बाहेर आलो तशी जवळ आले.

"सायेब, पोरीला यकटीला इचारा. त्या मानसाम्होरं ती त्वांड उघडायची न्हाय."

"का हो आबा? घाबरते?"

"घाबरती कशाची! आमच्यात मेंढरू देवाला सोडत्यात. म्हाईत हाय न्हवं? भंडारा लावला की त्ये इकायचं न्हाय, कापायचं न्हाय, त्याला हात लावायचा न्हाय. पोरीनं तितं बी यक देवाला सोडलंय. फुडचं तिलाच इचारा."

कारखान्यात मेंढरू? मला काही उमगेना. पण म्हाताऱ्याचा आवाज खोटा नव्हता, आणि अशी टीप झटकून टाकणाऱ्यांपैकी मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. व्यवस्थापकाला पलीकडच्या खोलीत नेऊन बसवलं आणि गोड बोलून सांगितलं, "तुम्ही जाणकार माणूस. जबाब आम्ही लिहितो, पण संगणकाचा मामला आहे, तुमचा खुलासा तुमच्याच हाताने लिहून द्या." पोलिसांच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं मात्र त्याला पुढे नाकारता येत नाही. गडी खुलला. गणपतीत मुलीने चित्र काढलं, त्यानंतर त्याला कुणीही हात लावलेला नाही, हे त्याने लिहिलं. संगणकाचं घड्याळ फक्त मुख्य पासवर्डने बदलता येतं आणि तो पासवर्ड आपल्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, हेही वर मोठेपणाने लिहून खाली झोकदार सही ठोकली.

इकडे मुलगी बोलायला लागली.

"साहेब, वारांच्या टेपा पुसून पुन्हा भरतात. म्हणजे एकदा चित्र बिघडलं की आठवड्यात सगळ्या टेपांवर बिघडलेलंच जाणार. आमचे आबा म्हणायचे, कळपातलं सगळं विकलं तरी देवाचं राहतं. म्हणून मी दरसाल खंडेनवमीला सगळा संगणक एका कोऱ्या टेपवर उतरवते. पूजेत हत्यारांबरोबर तीही मांडते. मालक तिला भंडारा लावतात आणि मी ती फडक्यात बांधून ठेवून देते. तिच्यावर पुन्हा कधी काही लिहायचं नाही."

"मग काल बोलली का नाहीस?"

"त्यांच्यासमोर बोलले असते तर संध्याकाळपर्यंत ती टेप उरली नसती. खंडेनवमीला ते गावाला गेलेले असतात. त्यांना ठाऊकच नाही."

"यंदाची आहे कुठे?"

ती पहिल्यांदा हसली. "संगणकाच्या खोलीत फळीवर खंडोबाचा फोटो हाय. त्याच्या मागं."

मी खुर्चीतून उठलोच. दरोडेखोर पकडतानासुद्धा कधी इतकं स्फुरण चढलं नव्हतं.

हद्द बारामतीची, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवलं. महाविद्यालयात संगणक शिकवणारे एक प्राध्यापक बरोबर घेतले. पंच दोन: एक निवृत्त एसटी कंडक्टर आणि एक रसवंतीवाला. मालक, मुलगी, वडील आणि व्यवस्थापक, अशी वरात संगणकाच्या खोलीत शिरली. फळीवर फोटो, पुढे उदबत्तीची राख.

मी व्यवस्थापकाला विचारलं, "देवाची पूजाअर्चा कोण करतं?"

"मीच करतो साहेब. रोज उदबत्ती लावल्याशिवाय मी कामाला बसत नाही."

"वा! मग फोटो जरा पुढे घ्या."

त्याने फोटो पुढे घेतला. मागे पिवळ्या फडक्यातली पुरचुंडी होती. ती सोडली तेव्हा आतून वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या गळाल्या आणि टेप दिसली. मालक ओरडलाच, "अरे, ही तर माझ्या हातानं पूजलेली! मीच हिला भंडारा लावला होता!" व्यवस्थापकाचा चेहरा त्या टेपपेक्षा पिवळा पडला. रोज ज्याला हात जोडले तो पाठीमागे काय घेऊन बसलाय, याचा त्याला पत्ता नव्हता.

आमचे हवालदार उत्साही. त्यांनी टेप उचलून जीपमध्ये पडलेल्या, जप्त केलेल्या लाउडस्पीकरच्या कर्ण्यावर ठेवायला नेली. प्राध्यापक धावले. "अहो, कर्ण्यात लोहचुंबक असतं! सगळं पुसून जाईल!" हवालदारांनी टेप तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली आणि परत आणून दिली.

प्राध्यापकांनी आधी टेपच्या कोपऱ्यातला एक छोटा खटका फिरवला. तो फिरवला की टेप वाचता येते, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही. मग ती यंत्रात सरकवली. मला वाटलं होतं, टीव्हीसारखं चित्र येईल. कसलं काय! काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. त्यांनी एका ओळीत काहीतरी टंकलं. 'टार' म्हणतात त्या आज्ञेला, असं ते म्हणाले. यंत्र घरघरलं आणि नावं भराभर वर सरकू लागली. प्रत्येक नावापुढे तारीख. दसऱ्यानंतरची एकही नव्हती. मग त्यांनी त्या झाकणाचं चित्र तेवढं टेपवरून काढलं, आताच्या चित्रावर न पाडता वेगळ्या कप्प्यात उतरवलं आणि उघडलं.

रेघांनी झाकण उमटलं. कंडक्टर चष्मा सावरून पडद्याला नाक लावेपर्यंत पुढे गेले आणि प्रवासी मोजावेत तसं बोट फिरवलं.

"सायेब, चार हायती! पुरते चार पाय हायती!"

मुलीने डोळ्यांना ओढणी लावली. तिच्या वडिलांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

मी खिशातून व्यवस्थापकाचा खुलासा काढला. "तुम्ही लिहिलंय, गणपतीनंतर चित्राला कुणी हात लावला नाही. मग गणपतीत दोन पाय असलेलं झाकण खंडेनवमीला चार पायांवर कसं उभं राहिलं? आणि पुन्हा दोनावर कसं आलं? चित्र नंतर बदललंय आणि तारीख जुनी पडावी म्हणून त्याआधी संगणकाचं घड्याळ मागे नेलंय. घड्याळ कोण मागे नेऊ शकतो, तेही तुम्हीच सहीनिशी लिहून दिलंय."

तेवढ्यात दारातून वयस्कर वेल्डर पुढे आला. त्याला आता कुणाची भीती उरली नव्हती. "सायेब, चित्रात चारच व्हते. ह्येंनी सांगितलं, हंगाम तोंडावर आलाय, दोन पाय लावा आन् चरक भायेर काढा. अपघात झाल्यावर भितीवरचा नकाशा बी ह्येंनीच बदलला." मग व्यवस्थापकानेही सगळं कबूल केलं. अपघात कळताच त्याने घड्याळ मागे नेलं, चित्रातले दोन पाय पुसले आणि सगळ्या वारांच्या टेपा एका बैठकीत पुन्हा भरल्या. पुढे न्यायालयात गुन्हा शाबीत झाला.

पण खरा आनंद मला निकालाचा झाला नाही. त्या हंगामात तसेच दोन पायांचे चरक इंदापूर आणि बारामतीच्या गुऱ्हाळांवर फिरत होते आणि प्रत्येकासमोर कुणी ना कुणी गडी उभा होता. मालकाने त्याच संध्याकाळी वेल्डर जीपमध्ये घातले. आमचे शिपाई वाट दाखवायला पुढे. एकेक गुऱ्हाळ थांबवून प्रत्येक झाकणाला चार पाय लावले, तेव्हाच मालकाने अन्नाला हात लावला. त्यानंतर तिथल्या एकाही चरकात कुणाचा हात गेला नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते सांगायला सोपं आहे. गप्प बसणारा प्रत्येक माणूस काही लपवत नसतो. कधी कधी तो काहीतरी वाचवत असतो. त्यानंतर कुणालाही प्रश्न विचारण्याआधी मी खोलीत कोण कोण बसलंय ते पाहायला लागलो.

पुढच्या खंडेनवमीला मला कारखान्यातून बोलावणं आलं. संगणकाची खोली आता मुलीच्या ताब्यात होती, मुख्य पासवर्डसकट. पाटावर नटबोल्टचे पाने, हातोड्या, मोजपट्ट्या आणि मधोमध एक कोरी टेप नुकतीच भरून ठेवलेली. नारळ फोडायला मालकाने लासुर्ण्याच्या त्याच गड्याला बोलावलं होतं. तो आता तिथेच कामाला होता. नवीन चरक फाटकाबाहेर जायचा, तो त्याने झाकणाचे पाय मोजल्यावरच. त्याने उरलेल्या तीन बोटांत नारळ धरला आणि एका घावात फोडला.

"माझी दोन गेली सायेब," तो हसत म्हणाला, "पर बाकी समद्यांची हायती."

मुलीने टेपच्या कोपऱ्यातला खटका फिरवला आणि भंडाऱ्याची वाटी माझ्यापुढे धरली. "या वर्षी तुम्ही लावा साहेब."

मी टोपी काढली, चिमूटभर भंडारा टेपवर वाहिला आणि उरलेला कपाळाला लावला. तसाच, पिवळ्या कपाळाने, गणवेशात, जीपमध्ये बसून ठाण्यात परत आलो. पुसला नाही.