नोकरीतली मजा सांगताना

थळच्या कोळीवाड्यातल्या मावशीने मला घरात ठेवून घेतलं, म्हणून माझी नोकरी टिकली. हे आधी सांगून टाकतो. कारण पुढे जे झालं त्यात तिचं नुकसान झालं, आणि ते माझ्या तोंडामुळे झालं असं ती समजते.

मी खानदेशातला. इंग्रजी दुसरीत शाळा सुटली आणि एकोणिसाव्या वर्षी मलेरियाच्या फवारणीच्या टोळीत लागलो. खांद्याला पंप, हातात नळी, घरोघरी जाऊन भिंतींवर औषध मारायचं. समुद्र तोवर मी पाहिलेला नव्हता. पहिल्याच आठवड्यात मासळीच्या वासाने जेवण जाईना, वर ताप भरला. ओळखदेख नसताना मावशीच्या घरी फवारायला गेलो आणि तिच्याच ओटीवर बसलो तो उठेना.

"काय रं, भिंतीला औषध माराया आलास का सोता मराया?" ती म्हणाली.

तिने पेज पाजली, मग काटे काढून मासा खायला शिकवलं, आणि मी तिच्याकडेच राहिलो. संध्याकाळी कामावरून आलो की दारातच अडवायची, "आधी विहिरीवर जा. औषधाचा वास घरात नको." पोटच्या पोराला ओरडावं तशी. तरी मला सारखा धाक, आता ही जा म्हणेल. दोन-तीनदा विचारलंही. "तू इचारतोस म्हणूनच घालवीन एक दिवस," ती म्हणाली.

तिचा मुलगा माझ्याच वयाचा, मुंबईला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. त्या कोळीवाड्यातून कॉलेजात गेलेला तो पहिला. मावशी अलिबागच्या बाजारात सुकी मासळी विकायची, आणि गिऱ्हाइकाने फारच घासाघीस केली तर ऐकवायची, "कालेजात शिकणाऱ्या पोराची आये हाय मी, नीट बोल."

दिवाळीच्या सुट्टीत तो आला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, आता परत जाणार नाही, नोकरी करणार. का, ते सांगेना.

मावशीने मला मासळी वाळवायच्या खळ्यात गाठलं. "माझा ऐकत न्हाय तो. तू सांग, नोकरीत काय मजा न्हाय. तू रोज करतोस, तुझा ऐकंल."

मी हो म्हणालो. तिचं अन्न खाणारा माणूस नाही कसं म्हणणार? रात्रभर मनात जुळवणी केली, पंपाच्या पट्ट्यापासून सुरुवात करायची, मग उन्हातली पायपीट, मग शिव्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघेही खळ्यात बोंबील उलटत होतो. मावशीनेच विषयाला तोंड फोडलं, "बोल ना रं, कालेजात मजा का नोकरीत?"

मी सांगितलं, पंपाच्या पट्ट्याने खांदा सोलतो. बायका अंगावर येतात. आगरदांड्याला एका म्हातारीने देव्हाऱ्याच्या भिंतीला औषध मारू दिलं नाही. देवाला डास चावतील म्हटलं, तर म्हणाली, "चावू दे, त्याला कुठं मलेरिया व्हतोय!" चौलला एका वाडीत मी खुराड्यावर औषध मारलं, तर मालकीण कोंबडा काखेत घेऊन साहेबांपर्यंत चालत आली. "याचा आवाज गेला, सायेब. सकाळपास्नं आरवत न्हाय." साहेब वहीत लिहायला लागले आणि कोंबडा तिच्या काखेतूनच जोरात आरवला.

मुलगा हसून हसून चटईवर लोळला. मावशीही पदर तोंडाला लावून हसली. इतकं मन लावून माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मी आणखी सांगत सुटलो. गाऱ्हाणं सांगायला बसलो आणि गोष्ट रंगवून उठलो. मावशीचं हसू कधी थांबलं ते कळलंच नाही.

सूर्य मावळायच्या आधी तो मला किनाऱ्यावर घेऊन गेला.

"पंपवाले, मजा आली," तो म्हणाला. मग पायाने वाळू उकरत सांगायला लागला. मावशीने त्याच्या ट्रंकेत सोडे भरून दिले होते, सोलून वाळवलेली कोलंबी. होस्टेलच्या खोलीतल्या मुलांनी पहिल्याच दिवशी ट्रंक गॅलरीत नेऊन ठेवली, आठवड्याने त्याची गादीही. तो दिसला की नाकाला रुमाल लावून ओरडायची, "धक्का आला, भाऊचा धक्का आला!" मुंबईत मासळी उतरते तो धक्का.

"मग सोडे टाकून द्यायचे."

"टाकले. कपडे तीनदा धुतले. तरी धक्काच." तो हसला. "तुझ्या अंगाला औषधाचा एवढा वास येतो, तुला कोण काय म्हणतं? तुला वासाचा पगार मिळतो, लेका."

मी विचारलं, "पण शिकवतात कसं?"

"शिकवतात छान," तो म्हणाला. मग मला शपथ घातली. "आयेला सांगू नको. तिला कळलं तर ती बाजारात टोपली उघडून बसायची न्हाय."

तो परत गेला नाहीच. मॅट्रिक पास असल्यामुळे त्याला महाडकडच्या टोळीत लगेच जागा मिळाली, तीही माझ्या वरची. भिंती मी फवारायच्या आणि त्याने तपासायच्या, अशा दर्जाची.

मावशी एकदाच म्हणाली, "तुझी मजा ऐकून भुलला तो." पुन्हा नाही. त्या दिवशीही तिने माझं पान वाढलं, दुसऱ्यांदा भात घेतोस का विचारलं. एका वाक्यात मी सुटलो असतो. पण ते वाक्य तिच्या टोपलीवर जाऊन पडलं असतं. घास गिळला आणि हो, वाढा म्हणालो.

बदली होऊन मी थळ सोडलं, त्यालाही आता काही वर्षं झाली. कॉलेजात मजा जास्त की नोकरीत, हे मला आजही सांगता येणार नाही. कॉलेज मी पाहिलेलं नाही. नोकरीतली माझी सगळी मजा संध्याकाळी मावशीच्या दारात ओरडा खाण्यात होती. त्या दुपारी हेच सांगायला हवं होतं. सुचलं नाही.

तिचं गेलं ते मला भरून देता येत नाही. माझी मुलगी यंदा पहिलीत बसली आहे. तिला मी मधेच शाळेतून काढणार नाही, काय वाटेल ते होवो. ती कॉलेजात जाईल, आणि तिच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला की तिला घेऊन आधी थळला जाईन. मावशी, तोवर तुम्ही असा. तुमचं हे मी कधीतरी नक्की फेडीन.