माळवदावरचा क्वेका

निजामाच्या अमलात रुमालानं घाम पुसायला बंदी नव्हती. तो हलवायचा मात्र नसतो, हे आम्हाला जरा उशिरा कळलं.

माझा मेहुणा दिगू जहाजावर खलाशी. सुट्टीत आमच्या येडशीच्या घरी आला आणि रोज संध्याकाळी मातीच्या छतावर, माळवदावर चढून, बार्शीकडं तोंड करून पांढरा रुमाल फिरवू लागला. बार्शी म्हणजे इंग्रजांची हद्द. निजामाशी लढणारी माणसं तिकडंच लपायची. मला संशय यायला लागला.

"काय रं, कुणाला खुणा करतोस?"

"खुणा न्हायत, दाजी. क्वेका हाय. चिली देशातला नाच. तिकडं सणासुदीला म्हातारी-कोतारीबी नाचत्यात. गडी कोंबडा, बाई कोंबडी. रुमाल हालवत एकमेकाभवती फिरायचं, शेवटाला टाचा आपटायच्या."

लोक दर्यापारहून अत्तर आणतात, यानं कोंबडा आणला! माझा काडीचा विश्वास बसला नाही.

निजामाच्या जमादाराचाही बसला नाही. तो शिपाई घेऊन थेट माळवदावरच आला. दिगूनं त्याला सगळा नाच समजावला. जमादारानं मिशी कुरवाळली.

"नाच दो जनों का. फिर दूसरा किधर है? बार्शी में?"

दिगू आत गेला तर पाठोपाठ मीही जाणार, कारण माळवद माझं होतं.

"दुसरे हे काय, आमचे दाजी," दिगू म्हणाला.

मी खिशातला रुमाल काढला. (तो तपकिरीचा होता. पहिल्याच गिरकीला जमादार शिंकला.)

"लाजा, दाजी. कोंबडी आधी लाजती."

त्यासाठी मला वेगळं काही करावं लागलं नाही. आजूबाजूची सगळी माळवदं माणसांनी भरली होती. दिगू छाती काढून माझ्याभोवती फिरत होता, मी मान वळवून पळत होतो. मग आम्ही जीव खाऊन टाचा आपटल्या. तुरुंगाची भीती असली की पाय आपोआप ताल धरतात.

खालून बायको ओरडली, "अवं, पिठल्यात माती पडली समदी! उतरा खाली दोघंबी!"

जमादारानं नाक पुसत मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अजूनही संशयानंच.

"चलो," तो शेवटी शिपायाला म्हणाला. "ऐसे आदमी को बगावत में कौन लेता?"

पुढं निजाम गेला. बंड केलेल्यांच्या गळ्यात गावानं हार घातले. मी रस्त्यानं निघालो, की अजून कुणीतरी पुढ्यात चार दाणे टाकतं.