इस्माईलची ओहोटी

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला आणि मी सवयीने सबब शोधू लागलो. त्या वेळेला फोन इस्माईलचाच असणार. "जाधव, उद्या साडेचारला पाणी खाली असेल. येतोस?" गेली कित्येक वर्षं दर गुरुवारी हाच प्रश्न, आणि "बघू" हे माझं उत्तर. आदल्याच आठवड्यात मी त्याला गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं होतं. गुडघा ठणठणीत होता. या खेपेला सर्दी सांगावी असं ठरवून मी फोन घेतला, तर पलीकडे त्याचा मुलगा साजिद. "काका, अब्बा गेले... दुपारी, झोपेतच." मी सर्दीचं ठरवत होतो, तेव्हा माझा मित्र या जगात नव्हता. पाच आठवडे झाले, पण हे काही केल्या मनातून जात नाही.

आमची ओळख साठच्या दशकातली. दुबई तेव्हा खाडीकाठचं लहानसं गाव होतं. एका व्यापाऱ्याच्या पेढीत आम्ही दोघे कारकून होतो आणि राहायलाही एकाच खोलीत. इस्माईल रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, चालायच्या आधी पोहायला शिकलेला. मी माणदेशातला. आमच्याकडे पाणी बघायचं म्हणजे विहिरीत वाकून, आणि तेही माझी आई करू देत नसे. मुळात माझा स्वभाव धसका घेणारा. समुद्र ओलांडून इतक्या लांब आलो, ते धाडस एकदाच करून संपवलं होतं.

शुक्रवारी सुट्टी. दुपारचा नमाज झाला की इस्माईल सायकल काढायचा आणि मलाही ओढून न्यायचा. शारजाच्या अलीकडे एक उथळ खाडी होती. तिथवर मिठाने कडक झालेली सपाट जमीन, सायकल भन्नाट पळायची. ओहोटीला खाडीच्या मधोमध वाळूचा लांबट टापू उघडा पडे. गुडघाभर पाण्यातून सायकली खांद्यावर घेऊन आम्ही तिथे जायचो. ओल्या वाळूवर तासभर सायकली फिरवायच्या, मग तो पलीकडच्या खोल पाण्यात डुंबायचा आणि मी काठावर त्याच्या कपड्यांशेजारी बसून त्याचं डोकं दिसतंय ना, हे बघत राहायचो. डोकं पाण्याखाली गेलं की मी आकडे मोजायचो. पंधराच्या पुढे गेलं तर हाका.

परत निघायची वेळ इस्माईल ठरवायचा. त्याच्या वडिलांनी शिकवलेलं गणित होतं. चांदाची जी तारीख असेल तिची पाऊणपट करायची; जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. एका शुक्रवारी चांदाची बारावी होती. "बाराची पाऊणपट नऊ. भरती नऊला, म्हणजे ओहोटी तीनला. पाचपर्यंत चिंता नाही," तो म्हणाला. कोकणात या गणितावर पिढ्यान् पिढ्या होड्या सुटल्या होत्या. मीही विश्वास ठेवला. त्या दिवशी वारा सुटला होता, पण वाऱ्याचा आणि गणिताचा संबंध असतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पावणेचारला माझी चप्पल तरंगत गेली. मागे वळून पाहिलं तर आलो ती वाट नव्हतीच, नुसतं पाणी. टापू डोळ्यांदेखत अरुंद होत होता. मी हाका मारल्या तसा इस्माईल बाहेर आला, त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं. मग त्याने माझी सायकल उलटी केली, चाकं सोडवून टायर उचकटले, दोन्ही ट्यूब बाहेर काढल्या आणि सायकलला लावलेल्या पंपाने फुगवू लागला. एक ट्यूब फुगेना. पाणी घोट्याला लागलं. ती टाकून त्याने स्वतःच्या सायकलची काढली, तोवर पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. मी आईचं नाव घेत उभा होतो... दुसरं काही करण्याची अक्कलच राहिली नव्हती.

दोन ट्यूब माझ्या काखांतून अडकवून, सदऱ्याची कॉलर धरून त्याने मला पाण्यात ओढलं. मधोमध गेल्यावर पायाखालचं सगळं सुटलं आणि मी त्याच्या गळ्याला मिठी मारली. तो खाली गेला. मी सोडलं नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी त्याच्यावर चढून श्वास घेत होतो आणि तो पाण्याखाली होता. कसाबसा सुटून वर आला, माझ्या थोबाडीत मारली आणि खोकत म्हणाला, "पाय हलव. फक्त पाय हलव."

काठावर आलो तेव्हा सूर्य टेकला होता. सायकली गेल्या त्या गेल्याच. तिथल्या म्हाताऱ्या होडीवाल्याने आम्हाला चहा पाजला, इस्माईलचं गणित ऐकलं आणि हिंदीत झापलं, "ये तुम्हारा रत्नागिरी नहीं है. यहाँ एक बार पानी कम चढ़ता है, एक बार ज़्यादा. ऊपर से ये हवा. पूछा क्यों नहीं?" इस्माईल मान खाली घालून ऐकत होता. तेवढ्यात मी म्हणालो, "तुझा आकडा बरोबर येईपर्यंत मला पाण्यावर बोलावू नकोस." ज्याने जीव वाचवला त्याला हे बोललो. तो एवढंच म्हणाला, "बरं."

पुढे वर्षभर तो दर शुक्रवारी एकटाच जायचा. काठाशी काठी रोवून पाणी कुठवर चढतं, कधी उतरतं, वारा कुठला, हे सगळं टिपून आणायचा. मापून झालं की पोहत असेल, असं मी धरून चाललो होतो. एके दिवशी म्हणाला, "जमलं रे. आता चुकत नाही. चल." मी पोट बिघडल्याचं सांगितलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; मी तर ताकाचं नावच टाकलं. नंतर लग्नं झाली, मुलं झाली, खाडीला भिंती आणि दिवे आले. तो विचारत राहिला आणि मी टाळत राहिलो. त्याने कधी कारण विचारलं नाही. कारण त्याला माहीत होतं.

मागच्या आठवड्यात दुबईतच अल मनखूल भागात साजिदच्या घरी गेलो. इस्माईलच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर होतं. दर शुक्रवारच्या चौकटीत पेन्सिलीने वेळ लिहिलेली, थेट डिसेंबरअखेरपर्यंत. "आम्हाला वाटलं, औषधाच्या वेळा असतील," साजिद म्हणाला. त्याची मुलगी दारातून म्हणाली, "दादाजी डिड दॅट एव्हरी न्यू इयर." मी साजिदला सांगितलं, या ओहोटीच्या वेळा आहेत, तुझे अब्बा पोहायला जायचे ना.

साजिद कॅलेंडरवरून माझ्याकडे वळला. "काका, अब्बांना पोहता कुठे येत होतं? आम्ही लहान असताना बीचवर न्यायचे, पण स्वतः कधीच नाही. पँट वर करून काठावर उभे राहायचे. मी एकदा विचारलं, अब्बा, तुम्ही का नाही येत? तर हसून म्हणाले, माझा जोडीदार आला की उतरेन."