आईची खोली सुकवताना

सोसायटीने त्या रविवारी टाकी धुवायला घेतली होती, म्हणून सकाळपासून पाणी नव्हतं. पॅसेजमधल्या बेसिनचा नळ मी फिरवून पाहिला. पाणी आलं नाही. उलट्या बाजूला फिरवला. तरी नाही. पाणीच नसलं की नळ उघडा आहे की बंद हे कळायला काही मार्ग नसतो, आणि मी त्या विषयात फार खोल शिरलो नाही. बेसिनच्या तोंडात एक फडकं कोंबलेलं होतं. तेही माझंच काम. पाइपातून झुरळं वर येतात म्हणून. दाराला कुलूप लावून बायको आणि मी कांदिवलीला एका बारशाला गेलो. बारशात मी दोनदा जेवलो, हे बायको अजून सांगते, जणू एकदाच जेवून निघालो असतो तर घर वाचलं असतं.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा आईची घरातली चप्पल सरकत सरकत आमच्या दिशेने आली.

आमच्या बोरिवलीच्या घराला उतार आहे आणि तो आईच्या खोलीकडे आहे, हे तेवीस वर्षांनी मला त्या दिवशी कळलं. नळ अजून वाहत होता आणि हॉलमध्ये बोटभर पाणी होतं. आईच्या खोलीत घोट्यापर्यंत पाणी होतं. कपाटाचं प्लायवूड पोळीसारखं फुगलं होतं आणि भिंत गुडघ्याइतकी काळवंडली होती. त्यातून आईच्या पायांना लादी गार लागते म्हणून दोन वर्षांपूर्वी मी हौसेने त्या खोलीत लादीवर लाकडी फ्लोअरिंग टाकून घेतलं होतं. आई तेव्हा म्हणाली होती, "लादी काय वायट आसा?" मी तिला समजावलं होतं. मी लोकांना फार छान समजावतो.

एकच बरं होतं, की आई घरात नव्हती. दोन दिवसांसाठी ती दहिसरला माझ्या बहिणीकडे गेली होती. आईला दमा आहे. मी डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, खोली पूर्ण कोरडी होईपर्यंत त्यांना आणू नका, बुरशी धरली तर महागात पडेल. मग मी आईला फोन केला आणि सांगितलं की घरात पेस्ट कंट्रोल करून घेतोय, औषधाचा वास जाईपर्यंत दोन दिवस जास्त राहा. खरं फक्त बहिणीला सांगितलं.

खोटं का बोललो? कारण फडक्यावरून आणि फ्लोअरिंगवरून ऐकून घ्यावं लागलं असतं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माणूस आईचं ऐकून घेऊ शकत नाही असं नाही, पण टाळता आलं तर टाळतो.

बायकोच्या ऑफिसची रेकॉर्ड रूम मागे एकदा भिजली होती. तेव्हा त्यांनी एका माणसाकडून हवेतला ओलावा शोषून घेणारं मशीन भाड्याने आणलं होतं. तिने त्याच माणसाला बोलावलं. डीह्युमिडिफायर हा शब्द आमच्या वॉचमनपासून माझ्यापर्यंत कोणालाच धड म्हणता येईना, म्हणून त्याचं नाव मशीन पडलं. लहान फ्रीजएवढा खोका, खाली चाकं, पोटात पाण्याची टाकी आणि डोक्यावर हवेत किती ओलावा आहे ते दाखवणारा आकडा. मशीनवाला चष्मा लावणारा, हळू बोलणारा माणूस होता. त्याने आकडा दाखवला. शहाऐंशी.

"हा पंचावन्नच्या खाली आला आणि दोन दिवस तिथेच राहिला, की खोली सुकली समजा," तो म्हणाला. "टाकी भरली की रिकामी करा. बाकी काही करू नका."

बाकी काही न करणं मला जमत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. 

मी ऑफिसमधून रजा घेतली आणि मशीनसमोर खुर्ची टाकून बसलो. बसलो म्हणजे दर पाच मिनिटांनी उठून आकडा पाहिला. दुपारी वाटलं, खोलीत हवा खेळती हवी. लहानपणापासून ओली वस्तू दिसली की आम्हाला हेच सांगितलंय. मी दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. बाहेर ऑगस्टचा पाऊस. मशीन घुरघुरत राहिलं, टाकी भराभर भरत राहिली आणि मी खूश. पहिल्या दोन दिवसांत आठ बादल्या पाणी निघालं. आकडा शहाऐंशीवरून अठ्ठ्याऐंशीवर गेला. 

खालच्या मजल्यावरचा शेजारी आपल्या छतावरचा डाग दाखवायला वर आला. उघड्या खिडक्या पाहिल्या, मशीन पाहिलं, मला पाहिलं.

"गोराईची खाडी आटवायला घेतलीस का रे?" 

मी म्हटलं, "हवा खेळती नको का?"

"खेळते आहे ना. तुझ्याशीच खेळते आहे." आणि स्वतःच खिडक्या लावून गेला. डागाबद्दल बोलायचं विसरला, तेवढाच फायदा.

इकडे आईचे फोन चालू होते. सकाळी एक, संध्याकाळी एक. मशीनचा आवाज मागे यायचाच.

"तो आवाज कसलो?"

"मिक्सर आहे गं."

दुसऱ्या दिवशी पण मिक्सर. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "चार दिस काय वाटतंस?" मी म्हटलं, नेटवर्क जातंय, आणि फोन ठेवला. 

खिडक्या लावल्यावर आकडा उतरला. ऐंशी, सत्त्याहत्तर, त्र्याहत्तर. मी बायकोला ऑफिसात फोन करून करून आकडे कळवत होतो. शेवटी ती म्हणाली, "अरे, तू जरा बस ना. मॅच आहे का ही?" आणि मग त्र्याहत्तरवर तो अडकला. एक दिवस गेला, दुसरा गेला. टाकी भरत होती, मी ती रिकामी करत होतो, आकडा जागचा हलत नव्हता. मी मशीन कोपऱ्यात नेलं, मध्ये आणलं, तिरकं ठेवलं. भिंतीवर तळहात ठेवून उभा राहिलो, ताप बघतात तसा. जेवताना मध्येच उठलो. वर्तमानपत्राचं एकच पान तीनदा वाचलं. 

सातव्या दिवशी बहिणीचा फोन आला. नेहमीसारखी बडबड नव्हती.

"दादा, आईने आज माझ्याकडे कपाटातला एक खण मागितला. रिकामा करून."

"कशाला?"

"कपडे ठेवायला. आणि तुला सांगायला सांगितलंय, तिची शाल आणि दिवाळीत नेसायचं पातळ धाडून दे."

बाहेर ऑगस्ट चालू होता. दिवाळीचं पातळ.

"आमच्या खालच्या आजींचा मुलगा त्यांना असाच चार दिवसांसाठी म्हणून लेकीकडे सोडून गेला," बहीण म्हणाली. "त्याला दोन वर्षं झाली. आई रोज त्यांच्याकडे जाऊन बसते. तू काय ते लवकर कर. नाहीतर खरं सांग. मी पेस्ट कंट्रोल म्हणून म्हणून थकले."

मी मशीनवाल्याला फोन केला आणि त्याला वाट्टेल ते बोललो. तुमचं मशीन बिघडलंय, आकडा खोटा दाखवतंय, माझी आई तिकडे कपाट लावतेय. तो एवढंच म्हणाला, "येतो."

आला आणि खोलीच्या दारातच थांबला. मग म्हणाला, "साहेब, हे काय आहे?"

खोलीत त्याच्या मशीनभोवती चार बादल्या, दोन टब, कळशी, सर्वात मोठं पातेलं आणि एक ड्रम होता. सगळे काठोकाठ भरलेले. 

"पाणी," मी म्हटलं. 

"कुठलं?"

"ह्यातलंच."

"इथेच ठेवलंत?"

"मग ओतून कसं देणार? दहा टक्के पाणीकपात आहे. बाहेर ठेवलं तर बायको ओरडते."

त्याला हे हास्यास्पद वाटलं असेल, पण मला अजिबात वाटत नव्हतं. मी दहिसरच्या चाळीत वाढलो. तिथे पहाटे चाळीस मिनिटं पाणी यायचं आणि तेवढ्यात आई ड्रम, हंडे, पातेली, अगदी डब्यांची झाकणंसुद्धा भरून ठेवायची. पाणी मोरीत ओतून देणं हे आमच्या घरात भात टाकून देण्याच्या वरचं पाप. म्हणून मशीनने हवेतून थेंब थेंब काढलेलं पाणी मी त्याच खोलीत, उघड्या भांड्यांत, जपून ठेवत होतो. झाडांना घालू, लादी पुसू, संडासात टाकू. झाडं आमच्याकडे तीन आहेत.

त्याने वर पाहिलं. वर दोरीवर ओल्या चादरी होत्या. मशीन चालूच आहे तर कपडेही वाळतील, हाही माझाच विचार.

"म्हणजे मशीन काढतंय आणि तुम्ही परत देताय," तो म्हणाला. अजिबात न हसता. मग खाली बसला आणि चाकूच्या टोकाने फ्लोअरिंगची एक पट्टी उचलली. खालून लादीवरचं पाणी चकाकलं. "आणि हे पण काढावं लागेल. सगळं."

मला त्या पट्ट्यांचं दुःख झालं, आणि ते होताना लाजही वाटली. 

त्या संध्याकाळी मी सगळी भांडी मोरीत ओतली. प्रत्येक वेळी मागे वळून बघत होतो, कोणी पाहत नाही ना. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने लाकूड उचकटून गोणीत भरून नेलं आणि मी शाल न घेता, पातळ न घेता दहिसरला गेलो. 

आई गॅलरीत शेंगा सोलत बसली होती. माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "शाल खंय?"

मी सांगितलं. नळ, फडकं, बारसं, चप्पल, मिक्सर, बादल्या. ती सोलत राहिली. बादल्यांपाशी हात थांबले.

"झाकणा नाय घातलंस?"

"नाही."

"मेल्या, पाणी भरल्यावर झाकण घालतत, इतक्यां पण शिकलंस नाय माझ्याकडून?"

बहीण आत जाऊन हसली. मी म्हटलं, आता तरी विश्वास बसला ना. आई म्हणाली, "नाय. माका दाखय."

मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणालेत. ती म्हणाली, दारात उभी राहीन. मग रिक्षाने तिला बोरिवलीला आणलं. नाकाला पदर लावून ती आपल्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत काही नव्हतं. ना पलंग, ना कपाट, ना फ्लोअरिंग. उघडी जुनी लादी, खरवडलेली भिंत आणि मध्ये घुरघुरणारं मशीन. तिने ते सगळं सावकाश पाहिलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मग बायकोला म्हणाली, "चाय नको. उशीर होता," आणि थांबवून ठेवलेल्या त्याच रिक्षातून दहिसरला परत गेली. जाताना शाल मागितली नाही. 

त्यानंतर फोन संध्याकाळी एकच यायला लागला.

"आज आकडो किती?"

"एकसष्ट."

"बरां." आणि बंद.

अठ्ठावन्न. सत्तावन्न. मी जेवताना उठत होतो ते थांबलं नव्हतं, पण आता दाराशी जाऊन परत येत होतो, आत शिरून मशीन हलवत नव्हतो. मग चोपन्न झाला. दुसऱ्या दिवशीही चोपन्न. दोन दिवस पूर्ण झाले तेव्हा मी तिच्या फोनची वाट न बघता स्वतःच फोन लावला.

"आई, चोपन्न. दोन दिवस झाले. डॉक्टरांना पण विचारलं. उद्या सकाळी न्यायला येतो."

आईने आकडा परत एकदा विचारला. मग, "फोन सुनेक दी."

मी बायकोला फोन दिला. तिने मशीनसमोर जाऊन, वाकून, चष्मा वर करून आकडा वाचला आणि सांगितला. "हो आई. चोपन्नच. नाही, नाही, मी बघूनच सांगतेय. भिंतीला हात लावला, कोरडी आहे. हो. हो, तोही इथेच उभा आहे."

तिने फोन माझ्या हातात परत दिला. कट झालेला होता.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, नऊ वाजता तयार राहते. कपाटातला खण त्यांनी दुपारीच रिकामा केला होता."