लॉरीच्या पोटातले दगड

मुंबईत एका साहेबाची गाडी चालवत होतो. अंगावर इस्त्रीचे कपडे, राहायला चाळीत खोली, बायको खूश. तिथून मला उठवून आणलं ते माझ्या सख्ख्या मामाने. मामा दिघीचा, धंदा पिढ्यान्‌पिढ्या गलबतांचा. पण मोटारी आल्या आणि गलबतांची भाडी आटली, तेव्हा त्याने एक गलबत विकून जुनी लॉरी घेतली आणि मागे लाकडी बाकं ठोकली. आगरदांड्याहून होडीने खाडी ओलांडून आलेली माणसं, सुक्या मासळीच्या टोपल्या, सुपारीची पोती भरायची आणि बोर्ली पंचतनच्या बाजारात नेऊन सोडायची. "घरचा डायवर असताना परक्याच्या हाती गाडी कशाला?" मामा म्हणाला आणि मी भुललो. चाळ सोडताना बायको रडली. तिची समजूत घालताना मी म्हणालो होतो, मुंबईत मी साहेबाचा नोकर, तिकडे लोक माझ्या हाताचं नाव घेतील.

पहिला हंगाम बरा गेला. पावसाळ्यात रस्ता बंद, म्हणून मी लावणीला माझ्या गावी गेलो. मामाने लॉरी किनाऱ्यावर गलबतांच्या रांगेतच ओढून ठेवली, वर नारळाच्या झावळ्यांचे झाप घातले. नारळी पौर्णिमेला होड्यांबरोबर लॉरीपुढेही नारळ फोडला. रस्ता सुकल्यावर मी परत येऊन गाडीत बसलो, तर गाडी माझी राहिली नव्हती.

रस्त्यात पाण्याची मोरी आली की मागची बाजू उसळायची, आणि उसळली की थांबायचं नाव नाही. खाली-वर, खाली-वर, पुढच्या मोरीपर्यंत. सपाटीला जरा वेग धरला की तळातून थरथर सुरू व्हायची, ती बाकांतून माणसांच्या दातांपर्यंत जायची. एक कोळीण भर बाजारात ओरडली, "आरं, मानसं नेतोस का नारल?" लोक हसले. मग कुणीतरी पुडी सोडली की भाचा सकाळीच माडी पिऊन बसतो. मी माडीला कधी तोंड लावलं नव्हतं. बायकोने ते विहिरीवर ऐकलं आणि घरी येऊन आधी माझ्या तोंडाचा वास घेतला, मग भाकऱ्या थापल्या. मला ते फार लागलं.

मी गाडीच्या मागेच लागलो. उतारावर गिअर काढला, इंजिन बंद केलं, तरी थरथर होतीच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. पुढची चाकं मागे लावली, मागची पुढे, तरी तेच. मग उरला तो शाफ्ट, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा लांब लोखंडी दांडा. खाली शिरून बघितलं. दांडा सरळ होता, पण गाडीचं ढुंगण इतकं खाली बसलं होतं की दांडा सांध्यात भलताच वाकडा पडून फिरत होता. थरथर तिथून येत होती. वरचे कमानीचे पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या एकावर एक लोखंडी पट्ट्या, चाचपले तर बोटं बुळबुळीत झाली, नाकाशी नेली तर माशाचं तेल. मग शेवटच्या बाकाखालची फळी उचकटली. आत किनाऱ्यावरचे काळे गोटे, नीट रचून बसवलेले.

सगळा उलगडा झाला. झापांखाली बसून मामाने लॉरीचं गलबत करून टाकलं होतं. पाटे करकरतात म्हणून होडीच्या तळाला लावतात ते तेल त्यांना पाजलं. त्याने गाडी नुसत्या धक्क्यानेही झुलायला लागली, म्हणून रिकामं गलबत डोलू नये यासाठी तळाशी दगड घालतात तसे दगड घातले.

मी मामाला म्हटलं, "मामा, पाटे एकमेकांवर घासले पाहिजेत. घासतात म्हणून तर उसळी जिरते. रॉकेलने धुऊन काढू, दगड उतरवू, गाडी सुधारेल."

"करकरनारं लाकूड तेल मागतं," मामा म्हणाला.

"पण हे लाकूड न्हाय, मामा."

"माझ्या बापाची गलबतं ह्याच दगडांवर मस्कतला जाऊन आली. त्येंच्यात खोट न्हाय. तुझा हात बिघडलाय."

मी दोन दिवस मागितले. हात जोडले. त्याने ऐकलं नाही. धक्क्यावर, होडीतून उतरणाऱ्या सगळ्या माणसांसमोर, गाडी सुरू करायचं हँडल माझ्या हातातून काढून घेतलं आणि पनवेलहून आणलेल्या नव्या ड्रायव्हरला दिलं. परक्यानेही इतकं केलं नसतं. त्या दिवशी बायकोला समोर बसवून मी दगड, तेल, शाफ्ट, सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली.

साहेबाकडची माझी जागा केव्हाच भरली होती. दुसरं काम मिळेपर्यंत बायकोला बोर्लीपलीकडे तिच्या माहेरी ठेवायचं ठरलं. जायला त्या लॉरीशिवाय दुसरं काही नव्हतं. बसलो, शेवटच्याच बाकावर.

गाडी निघाली. मोरी आली, मागची बाजू एकदा उचलली आणि गप बसली. पाटे करकरत होते. सपाटीला ड्रायव्हरने वेग वाढवला, तरी थरथर नाही. मी टाचेने बाकाखालची फळी ठोकून बघितली. आत पोकळ वाजलं. मामा पुढे बसला होता. तो मागे वळून उतारूंना म्हणाला, "बघा, डायवर म्हंजे असा असतो!" माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

"खरंच हो," बायको हळूच म्हणाली, "आता कशी शांत चाललीय."

"दगड काढलेत. पाटे धुतलेत. मी सांगितलं तेच केलंय त्यांनी."

"मामी म्हणत होत्या, ते नव्या ड्रायव्हरने शोधून काढलं म्हणून."

माझं तोंड बघून तिला वाईट वाटलं असावं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आजाऱ्याला समजवावं तशी म्हणाली, "असू द्या. सगळ्यांना सगळं येतंच असं नाही."

मामाने माझी भाकरी घेतली, त्याला मी कधी क्षमा केली नाही. पण ती मला दुसरीकडे मिळाली. बायकोने मात्र माझी तोकडी अक्कल मला माफ केली होती, आणि मरेपर्यंत ती मायेने माफ करत राहिली.