कूलरपुढचा कॉम्प्युटर

वडील गेले त्या उन्हाळ्यात मी दिवसाचे सहा-सात तास कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळत होतो. लोकांना वाटलं, पोरानं मनाला लावून घेतलंय. तसं काही नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं, रडूही येत नव्हतं. पडद्यावर गाडी चालवायला काही वाटावं लागत नाही.

यंत्र गरिबाघरचं होतं. तीनशे मेगाहर्ट्झचा, दुकानातला सगळ्यात स्वस्त प्रोसेसर. वळणावर गाडी थबकायची आणि पुढच्या क्षणी कठड्यावर आदळायची. रिपेअरिंगचं दुकान टाकलेल्या एका मित्रानं युक्ती दाखवली. बोर्डावर जम्पर नावाची नखाएवढी प्लास्टिकची टोपी असते, ती शेजारच्या पिनांवर बसवली की तोच प्रोसेसर साडेचारशेनं धावतो. धावला. फक्त तापायला लागला. धुळ्याच्या एप्रिलात माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही, आणि आम्ही त्या बिचाऱ्याकडून दीडपट काम करून घेत होतो. दहा मिनिटांत पडदा गोठायचा.

घरात कूलर एकच, पत्र्याचा, गवताच्या जाळ्यांचा, आणि तो वडिलांच्या खाटेपाशी. ते गेले. खाट अंगणात गेली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, दोंडाईचा-भडगावचे पाहुणे परतले. त्याच दुपारी मी कूलर ओढत माझ्या टेबलापाशी आणला, कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि वारा थेट आत सोडला. लाज वाटायला हवी होती. खेळ मात्र न अडखळता चालला.

आईनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून कूलरमध्ये पाणी तीच भरू लागली. बोअरच्या पाण्याच्या दोन बादल्या सकाळी, दोन दुपारी, आणि गुडघे तर तिचे कधीचेच गेलेले. "राहू दे, मी भरतो," असं मी पडद्यावरची नजर न काढता म्हणायचो आणि उठायचो नाही. पोराचे लाड करतेय, असं मी धरून चाललो होतो.

त्या कॉम्प्युटरमध्ये वडिलांचा आवाज होता. ते धुळ्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, नोकरीभर माइकवरून गाड्या पुकारल्या. आजारी पडण्याआधी एकदा मी त्यांच्यापुढे कॉम्प्युटरचा माइक धरला आणि म्हटलं, काहीतरी बोला. त्यांनी घसा साफ केला. "दोंडाईचाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे. प्रवाशांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नये." शेवटी थोडं हसले. एवढंच. ते फ्लॉपीवर उतरवून ठेव, असं मित्र दोनदा म्हणाला होता. मी उद्यावर टाकत राहिलो. ते गेल्यावर आईला विचारलं, लावू का? ती म्हणाली, "आत्ते नको लावू. मन थाऱ्यावर नही."

मे महिन्यात एका दुपारी, ऐन शर्यतीत, फट्कन आवाज झाला आणि पडदा काळा पडला. मित्र स्कूटरवरून आला. त्यानं बोर्डावरून बोट फिरवलं, बोट पांढरं झालं. बोअरच्या जड पाण्याचे बारीक शिंतोडे रोज आत वाळत गेले होते.

"अरे, कूलरचा वारा गार असतो, पण ओला असतो," तो म्हणाला. हार्ड डिस्कचं सर्किटही जळलं होतं. आतलं काही आता निघणार नाही, म्हणाला आणि गेला. मला अजूनही काही वाटलं नाही. शेवटची फेरी राहिली, याची चिडचिड तेवढी झाली.

दारात आई उभी होती, हातात दुपारची बादली.

"तुना बापना आवाज यामाच शे ना?"

"होता," मी म्हणालो. "गेला. जळालं सगळं."

तिनं त्या उघड्या डब्याकडे पाहिलं. "तुना बापले आत गरम नको व्हवाले, म्हणीसन पानी टाकत व्हते मी," ती म्हणाली. आणि मग, जसं भाजीचं विचारावं तसं, "मंग उद्यापाईन नको भरू का?"

त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच मी उठून तिच्या हातातली बादली घेतली.